मंडळी सोडली त्या वर्षी

मावशीने इंजेक्शनांचा डबा पास्टरांच्या हातात दिला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं ते पहिल्यापासून कळत होतं म्हणून केलं, असं कुणाला वाटायला नको.

मावशी नात्याची नव्हती. भिवंडीत कामतघर भागातल्या आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून एकटी राहायची. आई लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला जायची, तेव्हा शाळेतून आल्यावर मला जेवू घालायचं काम मावशीचं. तिला साखरेचा जुना आजार होता आणि सकाळ-संध्याकाळ पोटात सुई टोचून घ्यावी लागायची. त्या रविवारी उपासनेत ती उठून पुढे गेली आणि म्हणाली, "प्रभूने मला बरं केलंय. आता याची गरज न्हाय." पास्टरांनी डबा वर उचलून सगळ्यांना दाखवला. ढोलकी सुरू झाली, बायका हात वर करून गाऊ लागल्या, माझी आई आनंदाने रडत होती. मी वही उघडून मावशीची साक्ष लिहून घेतली. माझं अक्षर बरं म्हणून साक्षींची वही माझ्याकडे असायची. कोण कशातून बरं झालं, कुणाची नोकरी लागली, कुणाचं पोर वाचलं, सगळं त्यात.

सतराव्या दिवशी मावशी गेली. शेवटचे तीन दिवस तिला सारखी उलटी होत होती. धाप लागल्यासारखा श्वास चालायचा आणि त्या श्वासाला पिकून सडत आलेल्या फळासारखा वास येत होता. मी तिच्या उशाशी बसून ओलं फडकं फिरवत होते आणि मनात वचनं म्हणत होते. दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा रिक्षा गल्लीच्या तोंडापर्यंतच आली. तिथपर्यंत तिला उचलून नेताना ती माझ्या हातात जड झाली.

दफनाच्या वेळी पास्टर म्हणाले, शेवटच्या घडीला बहिणीचा विश्वास डळमळला. परत येताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाळ, वहीतलं ते पान काढून टाक. वाचणाऱ्यांचं मन खचतं."

मी "हो पास्टर" म्हणाले. घरी येऊन वही उघडली आणि तशीच मिटून ठेवली.

मंडळीने आम्हाला काय दिलं होतं तेही सांगायला हवं. आम्ही मूळचे अंबाडीच्या पुढच्या एका गावचे. बाबा लूमवर कामाला म्हणून इथे आले आणि दारूत बुडाले. मी आठ वर्षांची असताना शेजारणीने आईला प्रार्थनेला नेलं. त्यानंतर पास्टर आणि मंडळीतली चार माणसं सव्वा महिना रोज आमच्या खोलीत येऊन बसायची. गायची, बाबांशी बोलायची, आणि बाबांना घाम सुटून थरथर सुरू झाली की दोघं जण त्यांना धरून ठेवायची. बाबांची दारू सुटली ती कायमची. आम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावच्या भावकीने लग्नाकार्याला बोलावणं बंद केलं. मग मंडळी हेच आमचं गणगोत झालं. त्यात प्रेम होतं, आणि ते खरं होतं. म्हणून पुढचं सगळं इतकं अवघड गेलं.

आणि त्यात भीतीही होती. पास्टर कधी आवाज चढवत नसत. मंडळी सोडून गेलेल्यांबद्दल ते हळू आवाजात, दुःख झाल्यासारखं सांगत. एक जण गेला, वर्षाच्या आत त्याची तीन बोटं लूममध्ये गेली. एक कुटुंब गेलं, वर्षाच्या आत त्यांची सून बाळंतपणात गेली. "मी काही म्हणत नाही," पास्टर म्हणायचे, "मी फक्त बघतो." बायका पोरांना जवळ ओढून घ्यायच्या.

मावशीला जाऊन महिना झाला तेव्हा मास्तरांनी मला विचारलं, "रविवारी उपासना झाली की माझ्याकडे चहाला येतेस?" मास्तर निवृत्त शिक्षक, सत्तरीला आलेले, बायको वारलेली. मंडळीत सगळ्यात मागच्या रांगेत बसायचे. त्यांनी आणखी दोघांना बोलावलं होतं. एक बाळंतपणाच्या दवाखान्यात काम करणारी नर्स, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. दुसरा लूमवर काम करणारा तेलुगू भाऊ, जो भिवंडीतच वाढल्यामुळे मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलायचा.

मास्तरांनी खोलीचं दार उघडंच ठेवलं. म्हणाले, "बंद केलं तर लोक विचारतील आत काय चाललंय." बाहेर ऐकू जाण्याची भीती नव्हती, कारण शेजारच्या गाळ्यात बारा लूम चालायचे. पण वीज गेली की सगळे लूम एकदम थांबायचे. मग आमच्यापैकी जो बोलत असेल तोही वाक्य अर्ध्यावर सोडून थांबायचा. आम्ही चौघं चहाच्या कपांकडे बघत बसायचो आणि जिन्यावर कुणाची पावलं वाजतात का ते ऐकायचो.

पहिल्या रविवारी मास्तर म्हणाले, "मला एकच विचारायचंय. मावशीला आपण मारलं का?"

नर्स कप तोंडाला लावणार होती. तिने तो खाली ठेवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "इन्सुलिन बंद केलं की काय होतं ते मी शिकलेय. मी त्या दिवशी तिसऱ्या रांगेत होते. डबा वर उचलला तेव्हा मी उठायला पाहिजे होतं. मी उठले नाही, कारण सगळे गात होते."

"मीही गात होते," मी म्हणाले.

"पण तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं."

मास्तरांनी तिला रडू दिलं. समजूत घातली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आपण असं ठरवू. इथे एक जण बोलताना दुसऱ्याने तोडायचं नाही. कुणाची चेष्टा करायची नाही, पास्टरांचीसुद्धा. आणि ज्याला जे वाटत नाही ते वाटतं असं म्हणायचं नाही."

दुसऱ्या रविवारी मी वही घेऊन गेले. त्यातली आजारपणं एकेक करून वाचायची आणि ती माणसं आता कशी आहेत ते जाऊन बघायचं, असं ठरलं. आम्ही आठवडाभर वाटून घेऊन घरोघर जात असू. मी वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करायचे. काम सुटलं की तशीच कुणाच्या तरी घरी जायचे आणि तब्येतीची चौकशी करायचे. ही मंडळीची जुनीच सवय होती, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही. काही खरंच बरे झाले होते. माझ्या बाबांचंच नाव पहिल्या पानांत होतं. चार जण वारले होते आणि त्यांच्या साक्षीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. एका बाईने मला आत नेलं, तांदळाच्या डब्यात हात घालून तळाशी ठेवलेली रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं काढून दाखवली आणि कुजबुजली, "घरात कुणाला सांगू नको. पोरगा म्हणतो माझा विश्वास कमी हाय." आणखी तीन घरांमध्ये आम्हाला अशी लपवलेली औषधं सापडली. एका ठिकाणी गोळ्या देवळीत बायबलच्या मागे होत्या.

इथपर्यंत आम्हाला वाटत होतं की पास्टर चुकतात एवढंच. पण प्रश्न तिथे थांबले नाहीत. एकदा तेलुगू भाऊने विचारलं, "बायबलात देवाने मिसरमधली घराघरातली पहिली पोरं मारली, उनका क्या कसूर था? राजा ऐकत न्हाय तर राजाला मार ना. मैं पढ़ता हूँ तो मेरी बेटी दिखती है." त्याची मुलगी सहा वर्षांची होती आणि पहिलीच. बोलून झाल्यावर त्याने वर छताकडे पाहिलं. मला आठवतं, आम्हीही पाहिलं.

मास्तरांचं मन उठण्याचं कारण सगळ्यांत साधं होतं, आणि ते त्यांनी आमच्या बसण्याच्या चौथ्या की पाचव्या महिन्यात सांगितलं. त्यांची बायको बाप्तिस्मा न घेता गेली होती. शेवटपर्यंत तुळशीला पाणी घालायची. मास्तर तिच्या जाण्यानंतर एकटेपणातून मंडळीत आले. एकदा त्यांनी पास्टरांना विचारलं, ती कुठे असेल? पास्टर म्हणाले, बाप्तिस्मा न घेतलेले कुठे जातात ते शास्त्रात स्पष्ट आहे, मास्तर.

"मी तीन वर्षं त्यावर विचार केला," मास्तर म्हणाले. "एकेचाळीस वर्षं ती माझ्या आधी कधी जेवली नाही आणि मी तिला एकदाही म्हटलं नाही की आज तू आधी बस. ती जिथे आहे असं ते म्हणतात तिथे तिला टाकणाऱ्याला मी हात जोडू शकत नाही. ती नाही तिथे मला जायचं नाही."

तेव्हाच वीज गेली. लूम थांबले. नर्स हळूच म्हणाली, "म्हणजे आपण आता ख्रिस्ती नाही का?"

त्या शांततेत ते फार मोठ्याने बोलल्यासारखं वाटलं. मी मनात पटकन "क्षमा कर" म्हणाले, आणि कुणाला म्हणाले ते मला कळेना.

"आता काय ठेवायचं ते बोला," मास्तर म्हणाले. "सोडणं सोपं आहे. घर रिकामं करताना माणूस सगळंच भंगारात देत नाही."

त्यावर आम्ही चार-पाच रविवार बोललो. तेलुगू भाऊला गाणी हवी होती. म्हणाला, देव असो नसो, गायल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. नर्सला आजाऱ्याकडे जाणं हवं होतं, न बोलावता, हात धुऊन, काम करायच्या तयारीने. मास्तर म्हणाले, येशूने शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट मी कुणाला देणार नाही. मी शिकवायचो त्या शाळेत हेडमास्तर शिपायाच्या हातचं पाणी पीत नव्हते. शेवटी मी म्हणाले, "बाबांना थरथर सुटायची तेव्हा दोन माणसांनी त्यांना धरून ठेवलं होतं. ते." आणि प्रार्थनेवरून आमचा वादही झाला. नर्स म्हणाली, डोळे मिटून एक मिनिट बसू, मनात कुणाला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने म्हणावं. मास्तरांना ते पटलं नाही, पण ते बसले.

पास्टर आमच्या घरी आले तो बुधवार होता. मी कामावरून आले तर ते खाटेवर बसले होते आणि आई खाली. बाबा मोरीजवळ उभे.

"बाळ, तुम्ही चौघं वेगळी प्रार्थना करता असं ऐकलं," पास्टर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"बोलतो आम्ही. प्रश्न असतात."

"प्रश्न चांगले. सापाने हव्वेलाही एक प्रश्नच विचारला होता." ते हसले. "वही आणलीस का?"

"मास्तरांकडे आहे."

त्यांनी मान हलवली. मग मला जवळ बसवून डोक्यावर हात ठेवला. हात जड होता आणि प्रार्थना वाढत गेली तसा आणखी जड होत गेला. शेवटी ते म्हणाले, "प्रभू, हिला परत आण. कोणत्याही मार्गाने आण. त्यासाठी हिच्याकडून जे घ्यावं लागेल ते घे."

आणि माझी आई म्हणाली, "आमेन."

मी डोळे उघडून आईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. जे घ्यावं लागेल त्यात आपण स्वतःही असू शकतो हे तिला कळलं होतं का, हे मी तिला कधीच विचारलं नाही. मला वाटतं, कळलं होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मास्तरांच्या दारात मोटरसायकल थांबली. आम्ही चौघं आतच होतो. दोन तरुण आले, कपाळाला टिळे, पायातले बूट दाराबाहेर नीट काढून ठेवले, मास्तरांच्या पाया पडले. एक जण म्हणाला, "गुरुजी, तुम्ही लोकांनी त्यांना सोडलं असं कळलं. अभिनंदन. आपण एक कार्यक्रम घेऊ. स्टेज, हारतुरे. ताई बोलतील, त्या म्हातारीला कसं मारलं ते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मास्तरांनी विचारलं.

"गावात काय लपतं? आणि एक वही आहे म्हणे. ती द्या. बाकी पास्टरचं आम्ही बघतो."

"बघतो म्हणजे?"

तो हसला. दुसरा माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, तुम्ही मूळच्या अंबाडीकडच्या ना? आमचं येणं-जाणं असतं तिकडे. भावकीशी बोलू आपण. परत घेतील सगळे."

मास्तरांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, विचार करून कळवतो. ते गेल्यावर त्यांनी पहिल्यांदाच दार लावून घेतलं.

आम्ही चौघंही एकदम बोलायला लागलो, आमचा नियम मोडून. नर्सला मावशीच्या मरणाची पोलिसात तक्रार करायची होती. कितीतरी आठवडे ती तेच म्हणत होती. आता तिचा चेहरा उतरला. "आता तक्रार केली तर ती यांच्या हातात जाईल," ती म्हणाली. "आणि नाही केली तर उद्या आणखी कुणी डबा देईल." तेलुगू भाऊ म्हणाला, "ये लोग हॉल में घुसेंगे ना, तो पास्टर पिछवाडे से निकल जाएगा. सामने तुमची आई असेल, माझी बायको असेल."

शेवटी ठरलं ते असं. वही कुणाला द्यायची नाही. स्टेजवर जायचं नाही. आधी पास्टरांकडे जाऊन मागणी करायची, की उपासनेत सगळ्यांसमोर सांगा, औषधं घ्या. त्यांनी सांगितलं तर आम्ही गप्प निघून जाऊ.

पास्टरांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तसं सांगितलं तर लोक प्रभूवर विश्वास ठेवतील की डॉक्टरवर?"

"दोघांवर ठेवू दे," नर्स म्हणाली.

"दोन धन्यांची चाकरी होत नाही," पास्टर म्हणाले आणि उठले.

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. आमचा हॉल एका बंद पडलेल्या कारखान्याच्या माळ्यावर होता. रस्त्याच्या बाजूला काचेच्या मोठ्या खिडक्या, त्यातून येणारं ऊन थेट पुढच्या रांगेवर पडायचं. तिथे आई बसली होती. मी पुढे गेले आणि म्हणाले, मावशीची साक्ष मी लिहून घेतली होती, तिचा पुढचा भाग आज सांगते. मी सतरा दिवस सांगितले. उलट्या, श्वास, तो वास, गल्लीचं तोंड. मग म्हणाले, "तुमच्यापैकी काही जण गोळ्या लपवून घेतात. मी त्यांची नावं सांगणार नाही. पण लपवू नका. घ्या."

तांदळाच्या डब्यावाली बाई जमिनीकडे बघत होती. पास्टर सावकाश पुढे आले. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "आपली ही लेकरं फार दुखावलेली आहेत. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू. हात त्यांच्याकडे करा."

आणि दीडशे माणसांनी आमच्याकडे हात केले. त्यात लहान पोरं होती. बाबांचा हात होता, अर्धवट उचललेला. आईचा सरळ होता. सगळे एकदम पुटपुटायला लागले, आवाज वाढत गेला, कुणी रडू लागलं, कुणी अनोळखी भाषेत बोलू लागलं. त्या हातांमध्ये प्रेम होतं याची मला आजही खात्री आहे. तरीही मला तेव्हा असं वाटलं की आम्हाला कुठेतरी ढकलत नेलं जातंय आणि मागे जमीन संपली आहे. आम्ही चौघं जिना उतरून खाली आलो तेव्हा नर्सने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

त्या दिवसापासून, पास्टर सांगायचे ते, माझं वर्ष सुरू झालं. मी कुणाला सांगितलं नाही, पण मोजत होते. गोडाऊनमध्ये पेट्यांची थप्पी माझ्यापासून हातभर अंतरावर कोसळली तेव्हा मी आधी तारीख आठवली. बाबांना खोकला झाला तरी मोजायची. डोक्याला पटलेलं पोटापर्यंत जायला फार वेळ लागतो. मास्तरांना विचारलं, तुम्हाला भीती वाटत नाही का? ते म्हणाले, "वाटते ना. पण बोटं जाणारे मी आयुष्यभर पाहतोय, आणि त्यातले बहुतेक कुठलीच मंडळी सोडून आलेले नव्हते."

चौथ्या महिन्यात तेलुगू भाऊच्या मुलीला ताप आला आणि उतरेना. सरकारी दवाखान्यात तिला दाखल केलं. आम्ही पाळ्या लावल्या, जशा मंडळीत लागायच्या तशाच. नर्स सकाळी, मी कामावरून सुटल्यावर, मास्तर दुपारी पेपर घेऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी मी गेले तर तो वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभा होता.

"ताई, मैं वापस जा रहा हूँ," तो म्हणाला. "माफ कर. पास्टर आले होते. मी हो बोललो."

"डॉक्टर म्हणतात टायफॉईड आहे. औषध लागू पडतंय, आज ताप कमी आहे."

"मालूम है. पण हिला काही झालं तर मी कसा जगू? माझ्या बाजूने विचार करून बघ."

मी बघितला. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. मुलगी आठवड्याभरात बरी झाली आणि पुढच्या रविवारी ती प्रार्थनेने बरी झाल्याची साक्ष झाली. पण औषधाचा कोर्स त्याने पुरा केला. नर्सने रोज जाऊन विचारलं होतं. तो रस्त्यात भेटला की हसायचा आणि लगेच दुसरीकडे बघायचा. मास्तरांच्या खोलीत आता तिघंच बसायचो. गाणं मात्र कुणाला नीट यायचं नाही.

एवढं मात्र झालं, की काही लोक नर्सकडे हळूहळू यायला लागले. दवाखान्याच्या मागच्या दाराने. साखर तपासून घ्यायला, रक्तदाब बघून घ्यायला. उपासना झाल्यावर, पदरात बायबल धरून. ती कुणाला काही विचारायची नाही.

सातव्या महिन्यातल्या एका रविवारी मी सकाळी केस धूत होते आणि चाळीतलं एक पोरगं ओरडत आलं की हॉलवर दगड मारताहेत. मी ओल्या केसांनी तशीच धावले. पोहोचले तोपर्यंत मारणारे गेले होते. रस्त्यावर लोक घोळक्याने उभे होते, रिक्षा थांबलेल्या. मी जिना चढले. खिडक्यांची एकही काच राहिली नव्हती. सतरंजीवर काचा, त्यात चपला, एक फुटकी ढोलकी. पुढच्या रांगेत आई बसलेली होती, भुवईवर पदर दाबून, आणि पदर लाल झाला होता.

मला बघून सगळे वळले. एक बाई म्हणाली, "आता कशाला आली?" दुसरी म्हणाली, "हिनेच आणलं त्यांना." पास्टर कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या शर्टाला धूळ लागली होती, आणि ते पळून गेले नव्हते, हेही मी सांगायला हवं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी आईला उठवलं. तेलुगू भाऊ कुठूनसा आला आणि त्याने तिची दुसरी बाजू धरली. आम्ही तिला नर्सकडे नेलं. चार टाके पडले. नर्सने दोरा ओढताना आईने माझं मनगट धरून ठेवलं होतं. नंतर मी परत हॉलवर गेले, झाडू मागितला आणि कुणी नको म्हणण्याआधीच काचा गोळा करायला लागले. मास्तर मागून आले. धाप लागलेली, पण त्यांनी सतरंजीचं एक टोक धरलं. बायका थोडा वेळ उभ्या राहून बघत होत्या. मग तांदळाच्या डब्यावाली बाई खाली वाकली आणि माझ्या शेजारी काचा वेचू लागली. आम्ही तासभर काम केलं.

मास्तरांनी पोलिसांना त्या दोघांबद्दल सांगितलं, मोटरसायकलचा रंगसुद्धा. कुणाला पकडलं नाही. आमच्या बोलण्यातून हे त्या तरुणांच्या कानावर गेलं, का त्यांना आधीच सगळं ठाऊक होतं, हे आजवर कळलं नाही. मी त्या दिवशी उभी राहिले नसते तर दगड आले नसते का? मी उभी राहिले नसते तर आणखी कुणी डबा दिला असता का? हे दोन प्रश्न मी एकमेकांपुढे ठेवून पाहते आणि दोन्ही तसेच राहतात.

त्या संध्याकाळी बाबा भाकरी करत होते. आई खाटेवर पडली होती, डोळा सुजलेला. मग म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"तू सांगितलंस का त्यांना?"

"न्हाय आई."

तिने मान वळवून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. बाहेर लूम चालू होते, सगळी भिंत बारीक हलत होती.

"बरं," आई म्हणाली, आणि तिने बाबांकडे पाणी मागितलं.